जमिनीला नाक लावणारा माणूस

गफूरभाई पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘छी’ हा होता. नमस्कार वगैरे नंतर. त्यांनी शेगडी दोन्ही हातांनी उचलून उलटी केली, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि तो शब्द उच्चारला. ते येणार म्हणून माझ्या बायकोने सकाळपासून तीच शेगडी घासली होती.

“ताई, वरून आरसा आहे,” ते म्हणाले. “खालून कब्रस्तान.”

पोटातून एक झुरळ निघालं आणि ओट्यावरून शांतपणे चालत गेलं. बायकोने पुढे महिनाभर त्या माणसाचं नाव घेतलं नाही. पण त्या ‘छी’मध्ये अपमान नव्हता. डॉक्टर जीभ बघून ‘हं’ म्हणतात, तितकंच ते होतं. मी स्वतः कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. मला किळस येते ती माणसांची, आणि ती मी तोंडावर कधी बोलून दाखवत नाही. गफूरभाईंना किळस यायची ती वस्तूंची हयगय करण्याची, आणि ते ती जागच्या जागी बोलून मोकळे व्हायचे. दोघांत कोण जास्त सभ्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पनवेलच्या जुन्या बाजारात त्यांचं शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन घरांमधली फट. दोन शेगड्या ठेवल्या की तिसरी गफूरभाईंच्या मांडीवर. आखातात बावीस वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यांत त्यांनी गॅसची कामं केली होती. तिथे मोठ्या टाक्यांतून प्रोपेन यायचा, आणि चूक झाली तर माणूस तुकड्यातुकड्याने देशी परत यायचा, असं ते सांगत. त्या बावीस वर्षांतून त्यांनी सोनं किती आणलं ठाऊक नाही, पण सवयी भरपूर आणल्या होत्या. शेगडीला हात लावण्याआधी ते साबणाने हात धूत. लोक नंतर धुतात. शर्ट कायम पांढरा, बाह्या मनगटापर्यंत. साबणाचं पाणी अत्तराच्या रिकाम्या बाटलीत, आणि ते लावायला दाढीचा ब्रश. नळीच्या सांध्यावर ब्रश फिरवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. काडी ओढून गळती शोधणाऱ्या माणसाचं नाव निघालं की ते कानाला हात लावत. त्या कानात अत्तराचा फाया असे.

आणि ते जमिनीवर झोपत. कोणाच्याही घरी, कसल्याही फरशीवर, पालथे, गाल टेकवून, नाक ओट्याच्या तळाशी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, चक्कर आली. मी विचारलं तेव्हा पडल्या पडल्याच त्यांनी उत्तर दिलं.

“पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. सिलिंडरचा जड. प्रोपेन काय, ब्युटेन काय, दोघं जमिनीवर झोपतात. त्यांना भेटायचं तर आपण पण झोपायला पाहिजे ना, किताबवाले.”

किताबवाले हे माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, घरातली कपाटं बघून. पुस्तकांबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की यातली किती उलटी करून पाहिली.

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत तेव्हा पाइपचा गॅस आला होता, आणि घरोघरच्या शेगड्या सिलिंडरवरून पाइपवर आणायचं काम गफूरभाईंना मिळालं होतं. पण सोसायटीला अध्यक्ष असतो. आमचे अध्यक्ष तांबेसाहेब. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी ‘गॅसवाहिनी लोकार्पण सोहळा’ ठेवला. खालच्या सभागृहात टेबलावर शेगडी, शेगडीला झेंडूचा हार, पाइपला लाल फीत. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांच्या हस्ते पातेल्यातलं दूध उतू घालवायचं होतं, नव्या घरात घालवतात तसं.

गफूरभाई मागे भिंतीला टेकून उभे होते. बोलावलं नव्हतं, जोडणी त्यांची, म्हणून आले होते. त्यांनी पुढे जाऊन आधी हार काढला.

“अहो, राहू द्या,” तांबेसाहेब म्हणाले.

“हार गळ्यात घालतात, साहेब. जाळावर नाय.”

फीत कापली, शेगडी पेटली, पाहुणे बोलायला लागले. ते देशाच्या ऊर्जेपासून सुरू झाले आणि घराघरातल्या माउलीपर्यंत आले तेव्हा दूध उतू गेलं. टाळ्या पडल्या. दुधाने ज्योत विझवली, बटण चालूच, आणि तांबेसाहेब फोटोसाठी पाहुण्यांचा हात धरून शेगडीजवळ ओणवे झाले. गफूरभाई दोघांच्या मधून हात घालून बटण बंद करून निघून गेले. त्या फोटोत मधोमध एक पांढरी बाही आहे. तांबेसाहेबांनी फोटोची चौकट करून घेतली, आणि बाही कापता येईना म्हणून तिच्यावर सोसायटीचं बोधचिन्ह चिकटवलं.

नंतर जिन्यात गफूरभाई मला म्हणाले, “सगळ्यांचे डोळे दुधावर. गॅसवर कुणाचेच नाय. छी.”

त्याच वेळची त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. शेगडीच्या बर्नरखाली पितळेचं इवलंसं तोंड असतं, त्याला जेट म्हणतात. पाइपच्या गॅसला दाब कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं, सिलिंडरला बारीक. गफूरभाई बारीक जेट काढून मोठे घालत आणि काढलेले जेट कागदाच्या पुडीत बांधून शेगडीच्याच पोटाला, आच लागणार नाही अशा कोपऱ्यात, तारेने बांधून टाकत. प्रत्येक घरी. मालकाला सांगत, “हे तुमचे. फेकू नका. उद्या परत सिलिंडरवर जायचं झालं तर हेच लागतील.”

तांबेसाहेब हसले होते. “गफूरभाई, सिलिंडर गेला आता. हे परमनंट आहे.”

“साहेब, बिल्डिंग तरी परमनंट हाय का?”

पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत जवळजवळ सगळ्यांनी त्या पुड्या काढून भंगारात दिल्या. आम्हीसुद्धा. शेगडी धुताना बोटाला तार लागते, म्हणून. फक्त तळमजल्यावरच्या मोनेकाकूंनी ठेवली, कारण काकू काहीच फेकत नसत.

बिल्डिंग परमनंट नव्हती. सात वर्षांत पिलर उकलले, सळया दिसायला लागल्या, आणि आम्ही पुनर्विकासाला गेलो. बिल्डरने सगळ्यांना गावाबाहेर, खाडीच्या अंगाला बांधलेल्या तात्पुरत्या इमारतीत हलवलं. भिंतींना ओल, अंगणात डासांची डबकी, आणि पाइप नाही. पुन्हा सिलिंडर. म्हणजे सगळ्या शेगड्या पुन्हा बदलायच्या.

गफूरभाईंना विचारलं तर ते म्हणाले, एका शेगडीला एक तास. तांबेसाहेबांना एवढा वेळ नव्हता. त्यांनी ‘भव्य शेगडी रूपांतर शिबिर’ भरवलं. फलकावर त्यांचा स्वतःचा फोटो, शेगडीपेक्षा मोठा. कुठून तरी एका ठेकेदाराची चार माणसं आली. त्यांनी नवे बारीक जेट घातलेच नाहीत. जुनेच मोठे जेट काढले, तोंडावर हातोडीची टिचकी मारून भोक आवळलं आणि परत बसवले. शेगडीमागे चार मिनिटं. दुपारी शिबिर संपलं, ठेकेदाराला गुच्छ मिळाला आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

संध्याकाळी घरोघरी पिवळ्या ज्योती लागल्या. तिरक्या, फडफडणाऱ्या. पातेल्यांची बुडं काळी, डोळे चुरचुरलेले. सोसायटीच्या ग्रूपवर तांबेसाहेबांनी लिहिलं की नवीन गॅस ‘सेट’ व्हायला वेळ घेतो, अफवा पसरवू नयेत. त्यावर अंगठे पडले. लोकांनी आपापला शोध लावला: रेग्युलेटर अर्ध्यावर फिरवून ठेवायचा, म्हणजे ज्योत लहान होते. शिकलेली माणसं, घरात मुलं, आणि रेग्युलेटर अर्ध्यावर. मला त्या इमारतीतल्या प्रत्येक घराची शिसारी आली, माझ्या घरासकट, कारण आमचाही अर्ध्यावरच होता.

तिसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन गफूरभाईंना घेऊन आलो. आमच्याकडे येण्याआधी ते तळमजल्यावर थांबले. मोनेकाकूंचं दार उघडं होतं. काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहत. मुलगा खारघरला विसाव्या मजल्यावर; तो न्यायला तयार होता, त्या जायला नव्हत्या. गफूरभाई दारातच उभे राहिले, मग सरळ आत गेले आणि फरशीवर पालथे झोपले.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “ह्यांना काय झालं?”

गफूरभाईंनी झोपूनच रेग्युलेटर बंद केला. नळी शेगडीला पुरती चढवलेली नव्हती, कडं आवळलेलं नव्हतं. मग त्यांनी दार-खिडकी उघडी टाकून आम्हाला बराच वेळ बाहेर उभं केलं, आणि आत आल्यावर विचारलं, “काकू, वास येत नव्हता?”

“कसला वास?”

 त्यांनी कानातला अत्तराचा फाया काढून काकूंच्या नाकाखाली धरला.

“काय आहे?”

“कापूस,” काकू म्हणाल्या.

अत्तर असं होतं की मला दारात कळत होतं.

“तो मोठा ताप आला होता ना साथीत,” काकू खाली बघत म्हणाल्या. “तेव्हापासून. कुणाला बोलले नाही. तुम्ही पण बोलू नका हो. मुलाला कळलं की शेगडी जाईल. शेगडी गेली की मला इथे ठेवायचं कारणच उरलं नाही. मग तिकडे वर. सुनेच्या स्वयंपाकघरात, विचारून चहा करायचा.”

गफूरभाईंनी साबणाने हात धुतले. शेगडी उलटी केली. पोट स्वच्छ होतं आणि कोपऱ्यात त्यांनीच बांधलेली पुडी होती. ती बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणेन. टिचकी मारलेले जेट त्यांनी काढून खिडकीतून बाहेर फेकले, काकूंचे स्वतःचे जुने जेट पुडीतून काढून, सुईने साफ करून बसवले. बर्नरची हवा लावली, सिमचा स्क्रू आवळला, नळी नवी घातली, ब्रश फिरवला, बुडबुड्याची वाट बघितली. तासाभराने ज्योत लागली ती निळी, ताठ, आवाज न करणारी.

“काकू, मी झूठ बोलणार नाय,” ते हात पुसत म्हणाले. “पण तुमच्या मुलाचा नंबर पण माझ्याकडं नाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्याखाली, घोट्याच्या उंचीवर, गॅस कळला की ओरडणारी एक डबी लावून दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “डबी विजेवर चालते, आणि इथली वीज तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुमचं नाक. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. झोपून. उभ्याने नाय.”

मी झोपलो. फिनेल, ओल, मुंग्यांची रांग, आणि या वयात उठताना धरायला ओटा. काकू दर वेळी म्हणत, “तुम्हाला माझा त्रास.” पंधरा दिवस झोपलो. मग वाकून वास घेऊ लागलो. मग दारातून.

इकडे बिल्डरला सगळ्या शेगड्या सुरक्षित असल्याचा जाणकाराचा कागद हवा होता. ठेकेदार बेपत्ता. तांबेसाहेब शाल, श्रीफळ आणि छापलेला कागद घेऊन गफूरभाईंच्या दुकानासमोर उभे राहिले. आत जागा नव्हती.

“फक्त एक सही,” ते म्हणाले. “आपण आमच्या परिवारातलेच.”

“बाईस शेगड्या बाकी आहेत. त्या उघडतो, जेट बदलतो. मग सही.”

“त्याला आठवडा जाईल.”

“जाऊ दे ना. शाल द्या इकडं.”

शाल त्यांनी घेतली, नारळ परत केला. पहिलं घर तांबेसाहेबांचंच निवडलं. स्वयंपाकघरात गेले, फरशीकडे बघून ‘छी’ म्हणाले, शाल अंथरली आणि तिच्यावर पालथे झोपले. पुढचे आठ दिवस ती जरीची शाल घराघरांतल्या ओट्याखाली लोळली. तांबेसाहेब त्या दिवसांत जिन्यात भेटले की छताकडे बघत.

त्यानंतरची गोष्ट मला सांगायला आवडत नाही.

नव्या इमारतीचा चौथरा भरला म्हणून अंगणात ‘कृतज्ञता सोहळा’ होता. मी तिसऱ्या रांगेत. कशाला गेलो, तर जेवण होतं. दिवेलागणीला वीज गेली, माइक बंद पडला, तरी तांबेसाहेब बोलतच राहिले. माझी काकूंकडे जायची वेळ झाली होती, ते मला आठवलंही. एक भाषण संपू दे, असं म्हणालो. शेवटी उठलो ते डासांमुळे. इमारतीच्या मागून वळलो तर काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी कुणीतरी चिकटून उभं होतं आणि त्याचा हात गजांतून कोपरापर्यंत आत होता. पांढरी बाही.

“काकू,” गफूरभाई आत अगदी हळू बोलत होते, लहान मुलाला उठवावं तसं. “काडी ओढू नका. पेटी खाली ठेवा.”

आत अंधारात काकू देवापुढे उभ्या होत्या. निरांजन भरलेलं, एका हातात काडी, एका हातात पेटी.

“का हो?”

“दूध उतू गेलं. शेगडी विझली.”

“मला कळलं नाही.”

“माहीत आहे. बटण केलं मी बंद. तुम्ही पेटी ठेवा, आणि दार उघडून बाहेर या. दिव्याच्या बटणाला हात लावू नका.”

काकू आल्या. आम्ही तिघं बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो. अंगणातून टाळ्या ऐकू येत होत्या. गफूरभाई दोन-तीन दिवसांनी त्या खिडकीवरून एक फेरी मारत, हे मला तेव्हा कळलं. माझ्या नाकावर त्यांचा भरवसा कधी नव्हताच.

“आज झोपला होता का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही.”

मी ‘छी’ची वाट बघितली. त्यांनी बाहीकडे पाहिलं. बाही दुधाने बरबटली होती, ती दुमडत बसले.

मग काकू म्हणाल्या, “मीच करते मुलाला फोन.” त्यांनी केला. कुणाला दोष न देता, सगळं नीट सांगितलं.

रविवारी मुलगा आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. काकूंच्या दोन बॅगा गाडीत गेल्या. गफूरभाईंना मी बोलावलं होतं, जोडणी सोडवायला. त्यांनी रेग्युलेटर काढला, सिलिंडरला टोपण घातलं, आणि मग शेगडी घेऊन पायरीवर बसले. बर्नरमध्ये दुधाचा जळका थर होता. तो त्यांनी सुईने, मग ब्रशने, मग धोतराच्या फडक्याने काढला, अर्धा तास. जेट सैल झाले होते का ते पाहिलं. गाडीत बसलेल्या काकू काचेतून बघत होत्या.

“चाचा, एवढं कशाला करताय,” मुलगा म्हणाला. “भंगारातच जाणार आहे.”

गफूरभाईंनी मान वर केली. त्या संध्याकाळपासून जो शब्द मी माझ्यासाठी ऐकायची तयारी करत होतो तो त्यांनी त्याला ऐकवला, आवाज न चढवता. मग पिशवीतून तांबेसाहेबांची शाल काढली, झटकली, शेगडी तिच्यात गुंडाळली आणि कडेवर घेतली. काकूंच्या काचेपाशी जाऊन म्हणाले, “माझ्याकडं आहे. मांडीवर जागा आहे.” काकूंनी मान डोलावली.

पावसाळ्यानंतर ते करंजाला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. त्या फटीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेगडीचं काय झालं, त्याला माहीत नव्हतं.

मी पाहिलं ते इतकंच. त्या रविवारी नाक्यावर रिक्षा थांबली, गफूरभाई आधी शेगडी आत ठेवून मग बसले. शालीच्या जरीखालून शेगडीचे चार रबरी पाय बाहेर आले होते.

“मूर्ती आहे काय, चाचा?” रिक्षावाल्याने विचारलं.

“चूल आहे. हळू चालव.”